कंदीलपुष्प: पावसाळी भटकंतीत हमखास विचारले जाणारे प्रश्न

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नाही. वीसेक पावसाळे लोकांना घेऊन सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, आणि गडांवर हिंडलो, वाकून वाकून फुलं दाखवली, एवढीच माझी लायकी. पण प्रश्न दर वर्षी तेच येतात आणि धापा टाकत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून एकदा बसून लिहिलं.

कंदीलपुष्प म्हणजे नेमकं कोणतं फूल?

हे एका फुलाचं नाव नाही, एका गोतावळ्याचं आहे. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. भारतात त्याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा पश्चिम घाट सोडून जगात कुठेही उगवत नाहीत. काही जातींचे वेल असतात, काही वीतभर उंचीची सरळ उभी रोपं असतात आणि गवतात उभी राहिली की गवतच वाटतात. जमिनीखाली छोटासा कंद असतो. पाऊस पडला की कंदातून कोंब येतो, फूल येतं, शेंग धरते आणि दिवाळीच्या आसपास वरचं सगळं वाळून जातं. पुढचे सात-आठ महिने त्या जागेवर काही आहे याची खूण उरत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फूल एकदा पाहिलं की विसरत नाही. बुडाशी फुगीर गोळा, त्यावर बारीक नळी आणि वर पाच पाकळ्या. पण या पाकळ्या उमलून पसरत नाहीत, त्यांची टोकं वर एकमेकांना चिकटलेली राहतात. मधल्या फटींमुळे तो काचा नसलेला कंदील दिसतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नाव ठेवलं ते ग्रीक शब्दांवरून, त्याचा अर्थ होतो मेणाचं कारंजं. आपला कंदील जास्त नेमका आहे असं माझं प्रांजळ मत.

कुळ म्हणाल तर रुईचं.

गावाकडे याला काय म्हणतात?

गाव बदललं की नाव बदलतं. खर्पुडी, खर्चुडी, हामण, पाताळतुंबडी अशी नावं मी ऐकली आहेत. काही भागांत हनुमान बटाटाही म्हणतात. गंमत अशी की त्र्यंबकेश्वरजवळचा अंजनेरी हा हनुमानाच्या जन्माचा डोंगर मानला जातो आणि त्याच डोंगरावर या गोतावळ्यातली एक जात सापडते, सेरोपेजिया अंजनेरिका. नाव देणाऱ्यांच्या मनात मारुती नसेलही, पण जुळून आलंय खरं.

‘कंदीलपुष्प’ हे नाव मात्र पुस्तकातलं. गुराख्याला विचारून पाहा, त्याला फूल माहीत नसतं, कंद माहीत असतो. शहरातल्या माणसाला बरोबर उलट.

हे सात वर्षांनी एकदाच फुलतं ना?

नाही. ती कारवी.

पाकळ्या बंद, नळी अरुंद. मग फुलाचा आकार असा कशासाठी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

हे फूल म्हणजे कोठडी आहे, पण सभ्य कोठडी. याची गिऱ्हाइकं मधमाश्या किंवा फुलपाखरं नव्हेत, चिलटांएवढ्या बारीक माश्या. फुलाला मंद वास असतो. आपल्याला तो बहुधा जाणवतही नाही, पण माशीला बरोबर कळतो. ती कंदिलाच्या फटीतून आत येते आणि नळीत घसरते. नळीच्या आतल्या बाजूला केस असतात आणि त्यांची टोकं खालच्या दिशेला वळलेली असतात. खाली जाताना ते वाट देतात, वर येताना आडवे येतात. मासे पकडायची बांबूची खोईण पाहिली असेल तर वेगळं समजावून सांगायला नको.

बुडाशी, त्या फुगीर गोळ्यात, काही जातींमध्ये भिंत एवढी पातळ असते की बाहेरचा उजेड आत झिरपतो. माशी उजेडाकडे, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेकडे, धावते आणि नेमकी चुकीच्या टोकाला जाते. तिथे थोडा मधुरस असतो. तो चाखताना तिची सोंड एका अरुंद खाचेत अडकते आणि सोडवून घेताना तिथली परागांची पुडी चिमट्यासारखी सोंडेला चिकटते. रुई कुळात पराग सुटे नसतात, पुड्या बांधलेल्या असतात.

मग साधारण दिवसभराने नळीतले केस कोमेजतात, फूल थोडं कलतं आणि माशी सुटते. पुडी घेऊन दुसऱ्या कंदिलात शिरते. शहाणी झालेली नसते, हे फुलाचं नशीब.

वासाचं प्रकरण तर त्याहून अचाट आहे. दक्षिण आफ्रिकेत याच गोतावळ्यातली सेरोपेजिया सॅन्डरसोनाय नावाची जात आहे. तिच्या फुलाचा वास जखमी मधमाशीच्या वासाची नक्कल करतो, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीचा रस प्यायला काही माश्या येतात, त्यांना फूल या वासाने फसवतं. सह्याद्रीतल्या प्रत्येक जातीने कुणाचा वास उचललाय, हे ज्याला शोधायचं त्याला इथे जन्मभर पुरेल एवढं काम पडलंय.

म्हणून कुणी विचारलं की ‘एवढं एक फूल वाचवलं तर झालं ना?’, तर मी विचारतो, आणि माशी? ती माशी ज्या शेणात, कुजक्या पाल्यात, ओलसर गवतात वाढते ते? फूल कुंपणात ठेवता येतं, माशीला कुंपण कळत नाही.

महाराष्ट्रात कुठल्या जाती आहेत आणि त्यांना परक्यांची नावं का?

सगळ्याच परक्यांची नाहीत, पण यादी वाचली की सह्याद्रीतल्या वनस्पतिशास्त्राची वंशावळ वाचल्यासारखं होतं. सिंहगडाच्या उतारांवर सापडणारी सेरोपेजिया मॅकॅनाय ही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चार्ल्स मॅकॅन यांच्या नावाची. हरिश्चंद्रगडाची सेरोपेजिया लॉआय ही जॉन सदरलंड लॉ या ठाण्यातल्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याच्या नावाची. नोकरी सांभाळून झाडं गोळा करणारा गडी होता तो. सातारजवळच्या कासची आणि आसपासच्या पठारांची जैनाय ही डॉ. एस. के. जैन यांच्या नावाची. आदिवासी आणि वनस्पती यांचं नातं अभ्यासायची वाट त्यांनी भारतात पाडली. जुन्नरकडची महाबळेय ही पुण्याच्या डॉ. महाबळ्यांच्या नावाची. सांतापावाय ही मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवणाऱ्या फादर सांतापाव यांची. ते स्पॅनिश होते आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे संचालक झाले.

गावांच्या नावाच्याही आहेत: पाचगणीची पाचगणीएन्सिस, अंजनेरीची अंजनेरिका. आणि अख्ख्या डोंगररांगेच्या नावाची सह्याद्रिका.

यातल्या कित्येक जाती जगापुढे आणल्या त्या एम. वाय. अन्सारी यांनी. वनस्पती सर्वेक्षण विभागात काम करताना त्यांनी भारतातल्या सेरोपेजियांवर १९८४ साली जो ग्रंथ काढला, तो अजूनही आधार म्हणून हाताशी ठेवण्याजोगा आहे. आणि हे काम संपलेलं नाही. अंजनेरिकाला नाव मिळालं २००६ साली. म्हणजे गडावर शेकडो वर्षं माणसं चढत होती, रोप पायाशी होतं आणि नाव आत्ता कुठे मिळालं.

शिंदळ माकुडी हे याच फुलाचं नाव का?

नाही, पण भावकीतलं. शिंदळ माकुडीला शास्त्रज्ञ फ्रेरिया इंडिका म्हणत आले. १८६० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. ती राहते कड्यावर. जुन्नरजवळचा शिवनेरी हे तिचं जुनं घर. जाड, मांसल, निवडुंगासारखं खोड, पावसाळ्यापुरती पानं आणि गडद तांबड्या मखमलीवर पिवळे डाग असलेलं पंचकोनी फूल. वासाबद्दल न बोललेलं बरं, माश्यांना आवडतो.

आणखी एक घोळ आहे. २०१७ साली काही शास्त्रज्ञांनी जनुकांच्या अभ्यासावरून ही सगळी भावकी एकाच घरात आणली, त्यात फ्रेरियाचीही सेरोपेजिया झाली. सगळ्यांना हे मान्य नाही. तुम्हाला दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर दोन्ही छापणाऱ्यांना शिव्या देऊ नका.

एवढं दुर्मीळ का? बिया तर वाऱ्याने उडतात ना?

उडतात. शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा असतात, त्या उलतात आणि रुईच्या म्हातारीसारखी रेशमी झुपक्याची बी बाहेर पडते. पण उडालेली म्हातारी उतरणार कुठे? हिला लागते कातळाच्या खाचेतली चार बोटं माती, ठरावीक उंची, ठरावीक धुकं, आसपास ठरावीक गवत आणि ती माशी. एका डोंगरावर हे जुळतं, शेजारच्यावर जुळत नाही. मधल्या दरीत तर नाहीच. पठारांच्या माथ्यावर राहणारं झाड म्हणजे बेटावर राहणारं झाड, फक्त समुद्राऐवजी भोवताली दरी.

त्यात फुलं येतात बरीच, शेंगा धरतात थोड्या. साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरतात, बिब्बळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या पानं फस्त करतात. हे सगळं हिशेबात धरूनच झाड आजवर टिकलंय. हिशेबात नव्हता तो जेसीबी.

सगळ्याच जाती दुर्मीळ आहेत असंही नाही. सेरोपेजिया बल्बोसा माळरानावर, कुंपणाच्या काट्यांत, देशभर पुष्कळ ठिकाणी सापडते. कुणी ‘आमच्या बांधावर कंदीलपुष्प आहे’ म्हणालं की बहुधा ती किंवा हामण निघते. त्यातही आनंद आहेच, पण लगेच बातमी द्यायला धावू नये.

कंद खातात का? आपण खाल्ला तर?

खातात. गुरं राखणारी पोरं पावसाळ्यात कंद उकरून, पँटला पुसून, तसाच कच्चा खायची. पिठाळ, किंचित गोडसर. सिंहगडाच्या पलीकडच्या एका वाडीत एका आजोबांनी मला सांगितलं होतं, ‘आमी खाताना मोठा तेवडा घ्यायचो, बारका परत दाबायचो.’ संवर्धन हा शब्द त्यांनी ऐकलाही नसेल.

तुम्ही खाऊ नका. चार पोरांची भूक वेगळी आणि फोनवर बघून निघालेल्या चाळीस मोटरसायकली वेगळ्या. ताकदीसाठी, मधुमेहासाठी कंद विकत मिळेल का, असे फोनही येतात. मी ठेवून देतो.

तिथे नुसता कातळ आणि गवत आहे. त्यात राखण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट नसतो, त्याने सातबारा वाचलेला असतो. सातबाऱ्यावर या जमिनींपुढे काय लिहिलंय बघा: पोटखराबा. लागवडीस अयोग्य. इंग्रजांच्या महसूल खात्याला सारा कुठून मिळेल एवढंच मोजायचं होतं, त्यांच्या दृष्टीने हे बरोबर होतं. पण तो शब्द कागदावर राहिला आणि कागदावरून डोक्यात शिरला. ज्या जमिनीला सरकारच खराबा म्हणतं तिथे खाण काढली, पवनचक्क्या उभ्या केल्या, फार्महाउसचे प्लॉट पाडले, तर कोणाचं काय बिघडलं?

आता तोच खराबा ऑगस्टच्या शेवटी येऊन बघा. कातळावरच्या वीतभर पाण्यात वायतुरा डोलत असतो, सातारच्या आसपासच्या पठारांपलीकडे तो दुर्मीळच. कडेच्या ओल्या मातीत सीतेची आसवं असतात, दिसायला नाजूक, पण पाण्यातले बारीक जीव पकडून खाणारी. दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतं. गेंद, जांभळी मंजिरी, कवला, तेरडा, सोनकी एकापाठोपाठ एक येतात. माती इतकी निकस की झाडांना पोटासाठी किडे मारावे लागतात, आणि निकस आहे म्हणूनच इथे दांडगट झुडपं माजत नाहीत, या नाजूक मंडळींना जागा मिळते. खत घालून ही जमीन ‘सुधारली’ तर यांतलं काही उरणार नाही.

याच पठारांपैकी कास २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. पश्चिम घाटातल्या ३९ जागांच्या यादीत महाराष्ट्रातल्या चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कास पुण्यामुंबईला माहीत झालं ते बरंच झालं. पण कासची शेजारपाजारची पठारं, कोल्हापूरकडचे बॉक्साइटवाले सडे, कोकणातले कातळ यांना तसं कवच नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर पहिल्या पावसाबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ती जात कोकणातल्या या कातळांचीच. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. आणि त्याच कातळाला सुरुंग लावून, बाहेरून माती आणून, हापूसची कलमं लावतात. आंबा मलाही आवडतो. पण सगळा सडा आंब्याखाली गेला तर कातळशिल्पंही जातील आणि दीपकाडीही.

आमची कंपनी जुलैत डोंगरावर हजार झाडं लावणार आहे. तुम्ही मार्गदर्शन कराल का?

करीन, पण कुठे लावू नका याचं. आणि हे नेहमी ऐकून घेतलं जात नाही. एका वर्षी एका मंडळींना मी हेच सांगितलं, त्यांनी ‘हो हो’ म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात पठारावर दीड-दीड फुटांचे खड्डे. बॅनरवर हिरवं पान होतं. खड्डे नेमके तिथे, जिथे माती थोडी जास्त आहे, म्हणजे जिथे कंद असतात. मोसम चुकीचा, जागा चुकीची, झाड ग्लिरिसिडियाचं, म्हणजे परदेशी. गवताळ माथा हा तोडून उघडा पडलेला जंगलाचा तुकडा नसतो, तो मुळातच तसा असतो. त्यावर झाडांची सावली आली की उन्हातली ही फुलं संपली.

झाडं लावायचीच असतील तर गावाजवळ, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात, तुटलेल्या देवराईच्या कडेने लावा. वड, उंबर, जांभूळ, करंज. सीडबॉल पठारावर फेकू नका, मुलांना ते फेकायला कितीही मजा येत असली तरी.

गुरं चरली तर फुलं जातात ना? चराई बंद करावी का?

इथे माझं मत बदललंय, ते कबूल करतो. आधी मला वाटायचं, गुरं हाकला. नंतर बघत गेलो तसं दिसलं की वर्षानुवर्षं चरत आलेल्या माळावरची गुरं अचानक थांबवली की उंच गवत माजतं आणि ठेंगणी रोपं त्याच्या बुडाशी गुदमरतात. कासला जाळीचं कुंपण घातलं गेलं, त्यावर पुष्कळ वाद झाला आणि पुढे ते काढलंही गेलं. शेण, खुरांनी उकरलेली माती, तुडवलेलं गवत हे सगळं त्या जागेच्या कारभाराचा भाग झालेलं असतं.

म्हणजे हव्या तेवढ्या शेळ्या सोडा असं नव्हे. शेळी शेंडा सोडत नाही. पण निर्णय घ्यायचा तो त्या पठाराकडे दोन-चार पावसाळे बघून आणि तिथल्या गुराख्याला विचारून. कार्यालयात बसून नाही.

वणव्याने कंद जळतात का?

खोलवरचे कंद बहुधा वाचतात, कारण तेव्हा ते झोपलेले असतात. पण दर वर्षी गवत पेटवलं की वरचा पालापाचोळा, पडलेली बी आणि किड्यांची अंडी जातात. चांगलं गवत येतं म्हणून आग लावणारे असतात, विडी टाकणारे असतात आणि हल्ली तंबूसमोर शेकोटी करणारेही असतात. शेवटच्यांना काय कारण आहे ते मला अजून समजलेलं नाही.

कुंडीत लावता येईल का?

रानातून आणून? नाही. बहुतेकदा वर्षभरात कंद कुजतो, कारण कौतुकाने आपण उन्हाळ्यातही पाणी घालत राहतो. आणि तग धरलाच तरी बाल्कनीत ती माशी कुठून आणणार?

ज्यांना कंदील घरीच बघायचाय त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. नर्सरीत ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावाने बदामाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल मिळते ना, ती सेरोपेजिया वुडियाय, मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. लाखोंनी वाढवून विकतात. तिला बारीकसा जांभळट कंदील येतो, तोही असाच. भिंग घेऊन निवांत बघत बसा.

प्रयोगशाळेत वाढवून परत डोंगरावर का लावत नाहीत?

लावतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी देशातल्या सेरोपेजिया जिवंत गोळा करून वाढवल्या, बियांपासून आणि ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) रोपं केली, मूळच्या डोंगरांवर ती परत नेऊनही लावली. या कामाला तोड नाही. आज एखादा डोंगर कोसळला तरी तिथली जात निदान कुंड्यांमध्ये शिल्लक असेल.

पण शिल्लक असणं आणि नांदणं यात फरक आहे. लावलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात उगवणं ही पहिली परीक्षा, त्याला तिथल्याच माशीने शेंग धरवणं ही दुसरी, आणि त्या शेंगेतल्या बीचं रोप होणं ही तिसरी. तिसरीपर्यंत जाऊन बघायला माणसाला चिकाटी लागते आणि अनुदान देणाऱ्याला त्याहून जास्त.

तोडलं किंवा उपटलं तर गुन्हा आहे का?

राखीव वनातून परवानगीवाचून काहीही उचलणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव कायदा त्याहून कडक. शिवाय जैविक विविधता अधिनियम, २००२ आहे.

अडचण आहे ती खाजगी आणि गायरान जमिनींची. तुम्ही एक फूल तोडलं तर रखवालदार ओरडतो. पलीकडचं अख्खं पठार बिगरशेती झालं तर नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते आणि कोणाला पत्ताही नसतो.

आमच्या गावच्या सड्यावर हे फूल आहे. आम्ही काय करू शकतो?

हा प्रश्न क्वचित येतो, पण आला की मी चहा टाकतो.

पहिलं, ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का विचारा. २००२ च्या कायद्याने ती असायलाच हवी आणि कागदावर बहुतेक ठिकाणी असते. सदस्यांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक असतंच असं नाही. त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या नोंदवहीत फूल आहे का बघा. मी पाहिलेल्या काही वह्यांत शेजारच्या तालुक्यातली झाडं तशीच्या तशी उतरलेली होती. नसेल तर घालून घ्या: स्थानिक नाव, सड्याचं नाव, महिना, कोण वापरतं, पूर्वी किती दिसायचं. म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा.

दुसरं, जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना बोलवा, जात पक्की करून घ्या. तिसरं, जागा खरोखर मोलाची निघाली तर त्याच कायद्याखाली ‘जैविक वारसा स्थळ’ जाहीर करवता येतं. नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव जातो. सिंधुदुर्गात बांबर्ड्याची जायफळ कुळातल्या झाडांची पाणथळ राई अशी जाहीर झाली. आंबोलीत तर एका छोट्या माशासाठी, हिरण्यकेशीच्या उगमाची जागा झाली. म्हणजे वाघ असावा लागतो असं काही नाही.

अंजनेरीचं उदाहरण सांगण्याजोगं आहे. तो डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे गिधाडंही घरटी करतात. तरी गडावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव आलाच. नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि गिर्यारोहकांनी तेव्हा जोरात विरोध केला, आणि त्यांच्या हातातलं भक्कम हत्यार होतं ते म्हणजे आधीच झालेल्या नोंदी: कुठली जात, कुठल्या उतारावर. नोंद नसती तर रस्त्याच्या आड काय आलं असतं? पोटखराबा.

बघायला कुठे जाऊ?

पहिल्यांदा कासला जा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, मधल्या वारी, आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून. आसपासच्या गावांची समिती ते सांभाळते, वाटाडे तिथलेच असतात, त्यांना पैसे देऊन बरोबर घ्या. ‘सोमाडा दाखवा’ म्हणा, म्हणजे तीच जैनाय. रविवारी गेलात तर गाड्या बघून याल.

नेमकी जागा का सांगत नाही? लपवून कसं चालेल?

चार-पाच वर्षांपूर्वी एका गडाच्या उतारावर एका सरळ उभ्या जातीची अकरा रोपं मी मोजली होती. कुणाच्या तरी फोटोबरोबर नकाशावरची खूण गेली. पुढच्या शनिवारी गेलो तर एका रोपाभोवती गवत उपटून स्वच्छ केलेलं, मागे काळं कापड धरायला दोन काठ्या रोवलेल्या आणि आडवं पडून फोटो काढणाऱ्यांच्या कोपरांखाली तीन रोपं मोडलेली. कोणी फूल चोरलं नव्हतं. सगळे फुलावर प्रेम करणारेच होते.

तेव्हापासून मी तालुका सांगतो, वाट सांगत नाही. तुम्ही फोटो टाकाल तेव्हा फोनमधलं स्थान बंद ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप पुसट होते, ती सोय चांगली आहे. अभ्यासकाने विचारलं तर मी नकाशा देतो, आणि बरोबर जातो.

पहिल्यांदाच येतोय. काय आणू?

पकड असलेले बूट, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि गोणपाटाचा तुकडा. छत्री नको, पठारावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही, रेनकोट आणा. गोणपाट बसायला, कारण कंदिलात डोकवायचं तर डोकं जमिनीलगत न्यावं लागतं. पण टेकण्याआधी ती जागा हाताने चाचपून बघा. ज्या एका रोपासाठी तुम्ही वाकलाय, त्याचं भावंड बहुधा तुमच्या गुडघ्याखालीच असतं.